रिकाम्या डब्याचं वजन

मद्रास शहरात जेवढे तराजू होते तेवढे सगळे माझ्या बायकोच्या मामांना ओळखत असत, आणि त्यातला एकही त्यांच्यासमोर खोटं बोलायला धजत नसे. मामा सरकारच्या वजनमापं खात्यात निरीक्षक होते. जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात त्यांनी उभी नोकरी काढली. काटे तपासले, वजनांवर शिक्के मारले, झिजलेली वजनं जप्त केली. निवृत्तीनंतर पगार तेवढा बंद झाला, काम चालूच राहिलं. अर्धा किलो तूरडाळ घ्यायची असली तरी ते आधी रिकामा काटा स्थिर होईपर्यंत उभे राहत, दांडीला बोटाने हलकी टिचकी मारत, मग तीच डाळ एकदा डाव्या पारड्यात आणि एकदा उजव्या पारड्यात घालून तोलायला लावत. मागे खोळंबलेली गिऱ्हाइकं तमिळमध्ये जे काही बोलत ते मामांना पूर्ण समजत असे, पण काटा हलत असताना ते कोणाला उत्तर देत नसत. दुकानदार बिचारे घाबरून मूठभर डाळ वर घालायचे आणि तिथेच फसायचे. "जास्त देणें हेही लबाडीच अहे," असं म्हणून मामा पुडी पुन्हा सोडायला लावायचे. एकदा घरी येऊन त्यांनी आपल्या काट्यावर खात्री केली तेव्हा चिमूटभर डाळ जास्त भरली. दुसऱ्या दिवशी ती चिमूट कागदात बांधून ते मैलापूरहून बसने जॉर्ज टाउनला गेले आणि परत करून आले. दुकानदाराने ती पुडी घेतली, कपाळाला लावली आणि गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीखाली ठेवून दिली म्हणे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आकडेमोडीची नोकरी लागली म्हणून मद्रासला आलो आणि तंजावरकडच्या मराठी घरातली मुलगी करून इथलाच झालो. जयंतीचे वडील ती लहान असतानाच गेले होते, तिला वाढवलं ते मामांनी. त्यामुळे मुलगा बघायचं काम त्यांच्याकडे होतं. तंजावरची मराठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. शे-दोनशे वर्षं कडीकुलपात ठेवल्यासारखी जुनी, वर तमिळचा हेल. माझी मराठी ऐकून मामा म्हणाले, "तुमची मराठी फार घाईंत अहे." मग त्यांनी माझं वजन विचारलं. मी म्हणालो, असेल साठ-बासष्ट. त्यांचा चेहरा पडला. "अंदाजें सांगूं नका," ते म्हणाले. "माहीत नाहीं म्हणून सांगा." मग नोकरीची चौकशी झाली. "आंकडे मोजतां, कीं आंकडे लिहितां?" मी थोडा विचार करून म्हणालो, "लिहितो." तेवढ्या एका खऱ्या उत्तरावर माझं लग्न ठरलं असं जयंती अजून सांगते.

माझ्या वजनाचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते मला एग्मोर स्टेशनवर घेऊन गेले. तिथे नाणं टाकलं की जाड कागदाचं तिकीट पडतं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेलं, असं यंत्र होतं. आधी मामा स्वतः चढले, मग मी, मग मामा पुन्हा. त्यांच्या दोन तिकिटांत अर्ध्या किलोचा फरक निघाला. ते तडक स्टेशनमास्तरांकडे गेले आणि तक्रारवही मागून घेतली. तिकिटावरचं भविष्य होतं, 'आपणांस सर्व लोक प्रेमाने वागवतील.' मामांनी तक्रारीखाली तिकीट टाचलं आणि शेजारी दोन शेरे लिहिले: वजन, चूक. भविष्य, तपासणी बाकी.

हरल्याचं मी त्यांना एकदाच पाहिलं. मद्रासमध्ये गजरा हाताच्या मापाने विकतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, आणि तो हात फूलवालीचा स्वतःचा. मामांना ही गोष्ट वर्षानुवर्षं सलत होती. मैलापूरच्या देवळाबाहेरच्या एका ठेंगण्या फूलवालीला त्यांनी शेवटी हटकलंच, की हा हात प्रमाण कसा, याच्यावर शिक्का कुठे आहे. तिने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "हात कापून देते, अय्या. खात्यात नेऊन शिक्का मारून आणा. तोवर फुलं तुम्ही ओवा." आजूबाजूच्या सगळ्या फूलवाल्या हसल्या. त्या दिवसापासून मामींच्या फोटोसाठी लागणारा गजरा मामा तिच्याकडूनच घेऊ लागले, आणि तिने मोजताना ते दुसरीकडे बघत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी नेमणूक अड्यारच्या एका कर्करोग रुग्णालयात झाली. काम आकड्यांचंच, पण चमत्कारिक. तिथल्या एक डॉक्टरीणबाई लाळेच्या ग्रंथींच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा अभ्यास करत होत्या. रुग्ण मोजकेच, कुठून कुठून आलेले. बाई मला म्हणाल्या, "ही गाठ फार सावकाश वाढते. माणूस वर्षानुवर्षं जगतो. आम्ही फक्त किती जगला ते लिहितो, कसा जगला ते कोणी लिहीतच नाही." म्हणून त्यांनी एक प्रश्नावली आणली होती. जेवण, झोप, गिळणं, बोलणं, वेदना, मनाची उभारी, घरच्यांवर ओझं झाल्यासारखं वाटणं, अशा प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायचं की गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, आणि रुग्णाने चारांतलं एक उत्तर निवडायचं: अजिबात नाही, थोडा, बराच, फार. दर महिन्याला प्रत्येकाशेजारी बसून हे कागद भरायचे, हे माझं काम. जगण्याची प्रत मोजायची होती, आणि मोजणारा मी.

पुढच्याच वर्षी मामांच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली आणि ती नेमकी त्याच जातीची निघाली. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, मग दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं सुरू झाली. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही नातेवाईक. तुम्हाला निर्लेपपणे विचारता येईल का?" मी म्हणालो, येईल, शिवाय ते मराठीतच मोकळे बोलतात. हे दुसरं खरं होतं.

पहिल्या दिवशी मामांनी प्रश्नावली हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ह्या मापाची पडताळणी कोण केला?" मी म्हणालो, परदेशात तयार झालीय, मोठमोठ्या डॉक्टरांनी केलीय. "तिथल्या माणसाचें 'बराच' आणि मैलापूरच्या माणसाचें 'बराच' एका वजनाचें कशावरून? आणि शून्य कुठें धरलांत?" मी बाईंना बोलावलं. बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या, अर्धा तास तमिळमधून त्या दोघांचं चाललं होतं, आणि बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "आमच्या सगळ्या बैठकांत मिळून एवढे चांगले प्रश्न कोणी विचारले नाहीत." मामांचंही बाईंविषयी मत चांगलं झालं. "त्या बाईस आपला काटा बिघडला असेल अशी शंका अहे," ते म्हणाले. "म्हणजे काम होईल."

मग त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. गिळायला त्रास? अजिबात नाहीं. झोप? अजिबात नाहीं, म्हणजे त्रास नाहीं. वेदना? अजिबात नाहीं. प्रत्येक प्रश्नाला ते क्षणभर डोळे मिटत, ओठ हलवत आणि तेच उत्तर देत. सगळा कागद एका रांगेत खुणा होऊन भरला. इतका सुबक कागद माझ्या हातून तोवर भरला गेला नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कोणाला नीट सांगितलेलं नाही. त्या कागदावरचं एकही उत्तर खरं नाही हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या घरी जात होतो. मऊ कालवलेला दहीभात संपवायला त्यांना तास लागत होता, घासागणिक पाणी. तोंडाला लाळच उरली नव्हती. रोज सकाळी पितळी काट्यावर कॉफीची पूड तोलून घेणाऱ्या माणसाने कॉफी सोडली होती, कारण ती आणि कोमट पाणी यांत त्यांना फरक कळत नव्हता. इंजेक्शनानंतरचे चार दिवस ते उलट्यांनी गळून जात. जयंती मला सांगायची, "मामांच्या सदऱ्याची कॉलर बघितलांत का, आणखी एक मान मावेल आंत." आणि मी दर महिन्याला त्यांच्यासमोर बसून 'अजिबात नाही'च्या चौकोनात खूण करायचो. नियम असा होता की रुग्ण सांगेल तेच लिहायचं, आणि त्या नियमाच्या आड मी आरामात उभा राहिलो. चार महिने, चार कागद. बाई ते बघून खूष व्हायच्या. "तुमचे मामा सगळ्यांत छान सोसतायत," त्या म्हणायच्या, आणि मला, काय सांगू, अभिमान वाटायचा, जणू परीक्षेत माझा नंबर आला होता. ते कागद बघूनच बाईंनी दोनदा औषधाची मात्रा वाढवली. तेव्हाही मी गप्प राहिलो.

पाचव्या महिन्यात मामांना अड्यारपर्यंत येववेना, म्हणून एका रविवारी सकाळी कागद घेऊन मी मैलापूरला गेलो. जयंती बरोबर होती. मामा आरामखुर्चीत बसले होते, हाताशी पाण्याचा तांब्या. मी पहिला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी पाठीच्या उशीमागून एक वही काढली, पान शोधलं, वाचलं आणि म्हणाले, "गिळणें, अजिबात नाहीं." रुग्णालयात ते डोळे मिटून जे आठवत असत ते या वहीतलं होतं हे तेव्हा कळलं. मी वही मागितली. सरकारी कागद दाखवावा तशी त्यांनी ती दिली.

त्यांच्या सुवाच्य अक्षरात, दहापैकी आकडे देऊन, आठवड्याआठवड्याचा हिशेब होता. गिळणें, सात. वजा: दांत नाहींत, तीन, वय, दोन, स्वैंपाक आपल्या हातचा, दोन. बाकी शून्य. झोप न लागणें, आठ. वजा: डास, दोन, शेजारचा रेडिओ, दोन, हिची आठवण, चार. बाकी शून्य. उलट्या, नऊ. वजा: लहानपणापासून नाजूक पोट, चार, मद्रासचें पाणी, पांच. बाकी शून्य.

"हे काय आहे, मामा?"

"रिकामा डबा वजा करितों," मामा शांतपणे म्हणाले. "डब्यासकट डाळ तोलून डब्याचें वजन गिऱ्हाइकाच्या माथीं मारणें हा गुन्हा अहे. दांत माझे आधींच गेले. ही आधींच गेली. रेडिओ आधींपासून. तें सगळें ह्या दुखण्याच्या नांवावर कसें लिहूं? त्या बाईचा अभ्यास खोटा पडेल की."

मी म्हणालो, "अहो, मामी गेल्या तेव्हा तुम्हाला झोप लागत होती." पण हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. दुःख उशिरा वाढत नाही कशावरून, असं त्यांनी मलाच विचारलं. पटवलं ते जयंतीने. ती इतका वेळ उंबऱ्याला टेकून भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, रिकामा डबा केव्हां तोललांत?"

"काय?"

"डबा वजा करायचा म्हणजे रिकामा असतांना तोलून ठेवायला नको? दुखणें यायच्या आधीं हें सगळें एकदां तरी लिहून ठेवलांत? डास दोन, पाणी पांच, हें कुठून आणलांत? अंदाजेंच की."

मामांच्या घरात 'अंदाज' हा शब्द शिवीच्या बरोबरीचा होता. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि पानं मागे मागे उलटत गेले, जणू पहिल्या पानाच्या अलीकडे आणखी एखादं पान सापडेल. ते सापडलं नाही.

"जॉर्ज टाउनांत कोणी असें केला असता तर?" जयंतीने विचारलं.

मामांनी वही मिटली. मग म्हणाले, "काटा जप्त केलों असतों."

तेव्हा मी बोललो. मला माहीत होतं, असं सांगितलं. दहीभात, कॉफी, उलट्या, सदऱ्याची कॉलर, सगळं. आणि माहीत असून मी चार वेळा खूण केली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; काटा स्थिर व्हायची वाट बघताना पाहत तसं.

"माहीत असून लिहिलांत?"

"हो."

"कां?"

"कागद छान दिसायचा," मी म्हणालो. याहून बरं कारण मला आजही सापडलेलं नाही.

त्यांनी मान हलवली. "मज बरें दिसायचें होतें, तुम्हांस बरें लिहायचें होतें. दोघांनीं मिळून काटा बिघडविला." मग जयंतीकडे वळून म्हणाले, "हिला कोण नेमला निरीक्षक?"

"तुम्हीच वाढवलांत, भोगा," जयंती म्हणाली.

तो कागद भरायला दीड तास लागला. वजा काही नाही, आठवड्याभरात जे झालं तेच. मामांनी 'बराच' की 'फार' यावर एकेका प्रश्नाला इतका विचार केला की मध्ये जयंतीची भेंडी फोडणीला पडली, शिजली आणि उतरली. बहुतेक उत्तरं 'फार' आली. 'फार' म्हणताना त्यांचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली जाई, आणि मला वाटे, हे मी आधी विचारायला हवं होतं, कागद बाजूला ठेवून. घरच्यांवर ओझं झाल्यासारखं वाटतं का, या प्रश्नाला मामा घुटमळले. जयंती आतून म्हणाली, "हें मी सांगतें. अजिबात नाहीं. लिहा." नियमात बसत नव्हतं, पण मी लिहिलं.

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कधीपासून?" मी सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "इंजेक्शनांनी गाठ जराशी हळू वाढेल, एवढीच आशा होती. ही एवढी किंमत पडत असेल तर मी ती पहिल्या महिन्यातच थांबवली असती." त्यांनी त्याच दिवशी इंजेक्शनं बंद केली. मामांची वही त्या मागून घेऊन गेल्या, आणि तिथून पुढे एक पद्धत पडली: नवा रुग्ण आला की उपचार सुरू व्हायच्या आधी एकदा सगळी प्रश्नावली भरून घ्यायची, म्हणजे आधीचं काय आणि नंतरचं काय हे दिसतं. त्या पहिल्या कागदाला आमच्या खोलीतले तमिळ कारकून अजून 'काली डब्बा', म्हणजे रिकामा डबा, म्हणतात. तो शब्द ऐकला की मला अभिमान आणि लाज दोन्ही वाटतात, आणि कुठलं जास्त ते मी सांगू शकत नाही.

इंजेक्शनं थांबल्यावर दीड वर्ष मामा चांगले होते. लाळ पूर्ण आली नाही, पण चव आली. आधी आंबट, मग कडू. कडू कळायला लागलं त्या दिवशी त्यांनी आमच्या घरी येऊन कॉफी मागितली आणि पूड कमी पडल्याचं जयंतीला सांगितलं. ती खोटं खोटं चिडली आणि आत जाऊन रडली. मग गाठ फुप्फुसात उतरली आणि पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. फार हाल झाले नाहीत. हे मी बघून सांगतो आहे.

त्या दीड वर्षातली एक सकाळ मला सगळ्यांत जास्त आठवते. मामांना समुद्र बघायचा होता, पण शहरातला नको, म्हणून आम्ही दोघं बसने मद्रासजवळच्या कोवलमला गेलो. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. वाळूवर मासळीचे ढीग पडत होते आणि बायका नुसत्या नजरेने ढीग जोखून बोली लावत होत्या. ना काटा, ना वजन. मी मामांकडे बघितलं, म्हटलं आता हे उठतील. जन्माचे शाकाहारी, नाकाला उपरणं लावून ते पालथ्या घातलेल्या एका होडीच्या सावलीत बसले होते आणि मोठ्या कौतुकाने बघत होते. एका बाईने त्यांना विचारलं, ढीग घेता का, अय्या. "बघतों फक्त," ते तिला मराठीतच म्हणाले. तिला ते कळलं असावं, कारण ती हसून पुढे गेली.

मी पुन्हा विषय काढला. म्हणालो, "मामा, ते चार महिने—"

"रोज तेंच काढतां," मामा म्हणाले. "त्यांचा हिशेब मजकडे राहूं द्या. तुम्ही अलीकडे सरका, तिथें ऊन अहे."

मी सरकलो. वारा चांगला होता. वरच्या रस्त्यावर मद्रासची बस आली, थांबली, टोपल्या चढवून निघून गेली. आम्ही दोघांनीही ती पाहिली. पुढची कधी, हे मामांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.